विस्टिनचा खांदा आणि बेल्जियमचा पाहुणा

विस्टिनच्या उजव्या खांद्यावर, मानेला लागून, पावाएवढं टेंगूळ होतं. माल्टातल्या त्या गावात त्याला पावच म्हणतात. एकतीस वर्षं संत पंक्रातची मूर्ती खांद्यावर वाहिल्यावर तो फुगून आलेला. माणूस फरशा बसवणारा, चेहरा बेताचा, बोलणं त्याहून बेताचं. पण समुद्रावर सदरा काढला की पोरंटोरंही गप्प होत.

दुसरी ख्याती हातांची. या हातांनी गावातले चार दात, एका माणसाचा कानाचा पडदा आणि बँडवाल्यांचा एक अख्खा ट्रॉम्बोन निकालात काढला होता. यात द्वेष फारसा नसे. गावात दोन बँड क्लब, लाल आणि निळा. संत एकच, भांडणं मात्र सख्ख्या भावांसारखी. मूर्ती लालवाल्यांनी वाहायची, दारूकाम निळ्यांनी करायचं, अशी जुनी वाटणी होती. विस्टिन लाल. त्याचा बाप लाल. त्याचा कुत्रादेखील निळा गणवेश दिसला की गुरगुरे.

गेल्या वर्षी मिरवणुकीत विस्टिनच्या हातून निळ्या बासरीवाल्याची बासरी त्या बासरीवाल्याच्याच नाकात गेली, तेव्हा फादर कालचिदोन यांनी वेदीवरून बजावलं, "उत्सवाच्या तीन दिवसांत जो कुणावर हात टाकेल, त्याचा मूर्तीखालचा खांदा जन्माचा गेला. मग तो माझा भाऊ का असेना!"

सगळं देऊळ वळून विस्टिनकडे बघू लागलं.

"माझ्याकडे काय बघता?" विस्टिन म्हणाला. "फादरना भाऊ नाही."

पण घरी आल्यावर त्याने बायकोला, जुदित्ताला सांगितलं, "साठ झालो. गुडघे कुरकुरतात. हे शेवटचं वर्ष. ते पार पडू दे, मग खुशाल मरेन."

"मरायचं काय कौतुक," जुदित्ता म्हणाली. "तीन दिवस हात खिशात ठेव, म्हणजे झालं."

तिने त्याच्या सगळ्या विजारींचे खिसे तपासले आणि दोन फाटके शिवून दिले.

जूनअखेरीला सोमवारची सुट्टी जोडून आली, की तीन दिवसांसाठी विमानं भरभरून माणसं येतात. जुदित्ता तिसऱ्या मजल्यावरची खोली भाड्याने देई. या खेपेला आला तो बेल्जियमचा योस्त. शाळामास्तर, काडीसारखा उंच, दर वाक्याला आभार मानणारा. शनिवारी त्याने सशाचं कालवण तीनदा मागून घेतलं, तेव्हाच तो जुदित्ताच्या मनात भरला. विस्टिन त्याला म्हणाला, "उद्या मिरवणूक बघा. पुढच्या दांड्याला मी असेन. उजवीकडे."

रविवारी दुपारी बँडची पहिली फेरी असते. ऊन डोक्यात आणि बिअर पोटात. योस्तने चौकातल्या गाड्यावरून एक मोठा झेंडा घेतला. यजमानांना आनंद व्हावा म्हणून, गुपचूप, त्याने तो तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली सोडला.

झेंडा निळा होता. गाड्यावर त्याला तोच जास्त छान वाटला होता.

खाली निळ्यांचा बँड थबकला, मग त्यांनी टोप्या उडवल्या. "विस्टिन आमचा झाला! या हो जावईबापू!" पाठोपाठ लाल बँड आला आणि पहिली बाटली दारावर फुटली. दुसरी खिडकीतून आत येऊन जुदित्ताच्या आरशावर. "विकला गेलास!" "बापाच्या थडग्यावर थुंकलास!"

विस्टिन दारात आला. हात खिशात.

"पाहुण्याची चूक आहे. मी काढतो."

ऐकतो कोण! त्याच्याच गोटातल्या एकाने त्याच्या कानाखाली वाजवली. विस्टिनने हात खिशातच ठेवले. दुसऱ्याने बरगडीत गुद्दा घातला. ओठ फाटला, रक्त दाढीतून सदऱ्यावर आलं. शिवलेले खिसे मुठींनी ताणले गेले. जिन्यावरून जुदित्ता ओरडत होती, "हात नको! विस्टिन, हात नको!"

तेवढ्यात जामरी त्याला ढकलून वर धावला. जामरी म्हणजे विस्टिनच्या मागचा खांदा. एकतीस वर्षं त्याच्या मानेवर श्वास टाकणारा. आठही वाहकांची खांद्यापर्यंतची उंची मापून घेतात, त्यात या दोघांची तंतोतंत जुळायची. विस्टिन मागोमाग चढला.

वर पोचला तर जामरीने योस्तचा गळा धरून त्याला कठड्यावर उलटा वाकवला होता. योस्तच्या कपाळातून रक्ताची धार, पाय जमिनीपासून सुटलेले, खाली तीन मजले आणि फरसबंदी.

"जामरी, सोड त्याला."

"आधी झेंडा गिळायला लावतो याला!"

"पडेल तो."

"पडू दे!"

योस्तचा एक जोडा खाली गेला. दगडावर आपटल्याचा आवाज आला आणि चौकातला गोंगाट एकाएकी थांबला. खालून फादर कालचिदोन वर बघत होते. विस्टिनने त्यांना बघितलं, त्यांनी विस्टिनला.

मग त्याने हात खिशातून काढले. डाव्याने योस्तचा पट्टा धरला आणि उजवा जामरीच्या जबड्यावर असा घातला, की हाड कडकन मोडलं आणि विस्टिनचं मनगटही. जामरी कुंड्यांत कोसळला. योस्त आतल्या बाजूला, विस्टिनच्या अंगावर.

"विस्टिन!" खालून फादर म्हणाले. आवाज चढला नव्हता. "तुझं नाव खोडलं."

"हो, फादर."

संध्याकाळी सरकारी रुग्णालयाच्या बाकावर तिघं ओळीत बसले होते. योस्तला टाके पडले होते. विस्टिन आणि जामरी अजून नंबराची वाट बघत होते. जामरीचा जबडा फडक्याने डोक्यावर बांधलेला, त्यामुळे बोलता येईना. तो अधूनमधून विस्टिनच्या नडगीवर लाथ घाली.

"मी तो झेंडा लावला नसता तर..." योस्त पुटपुटला.

"तर दुसऱ्या कशावरून तरी मारामारी झाली असती," विस्टिन म्हणाला. "सण आहे."

टेकडीपलीकडून निळ्यांच्या तोफा ऐकू येत होत्या, मूर्तीच्या प्रत्येक वळणाला एक. पहिली, देवळाची पायरी. दुसरी, चौक. मग बराच वेळ काहीच नाही.

"बेकरीच्या वळणावर मूर्ती अडकली," विस्टिन म्हणाला.

जामरीने मान हलवली. अंगठा आणि बोट यांत चार बोटांचं अंतर दाखवलं.

"आपल्या जागी ते राखीव बुटके घेतले असतील? दोघंही?"

जामरीने पुन्हा मान हलवली. सगळा भार बाकीच्या सहांवर येणार, हे सांगायला जबडा लागत नव्हता. दोघं नकळत उभे राहिले, गुडघे वाकवून, विस्टिन पुढे, जामरी मागे.

"डावा पाय," विस्टिन पुटपुटला. "डावा घ्या रे, गाढवांनो. डावा."

नर्स ओरडली, "अहो, बसा दोघं! हे काय चाललंय?"

तिसरी तोफ वाजली. दोघं धपकन बसले. विस्टिनच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि ते पुसायला त्याच्याकडे चालणारा हात एकच होता. तोही योस्तने घट्ट धरलेला.

जामरीने आणखी एक लाथ घातली. विस्टिनने पाय बाजूला घेतला नाही.

"पुढचं कोण?" नर्सने दारातून विचारलं. "जबडा की मनगट?"

"जबडा घ्या आधी," विस्टिन म्हणाला. "तो मी मोडलाय."