माहा टॅग हाय

मेन स्विचच्या हँडलला सुतळीनं एक लाल पुठ्ठा बांधलेला होता आणि शाळा समितीचे अध्यक्षसाहेब मला सांगत होते, "कापगतेजी, निकालिए इसको. बच्चों का खेल है."

हॉल अंधारात होता. पंखे बंद, माइक बंद. पोलादाच्या प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर दोनमधल्या या प्राथमिक शाळेच्या हॉलला खिडक्या कमी, त्यात समारंभ म्हणून पडदे लावलेले. सतरंज्यांवर बसलेली सगळी शाळा एका सुरात ओरडत होती. अंधार झाला की ओरडायचं, हे मुलांना शिकवावं लागत नाही. पाहुण्यांची गाडी फाटकाशी येऊन थांबली होती.

आमचा आभारदिवस होता तो. त्या दिवशी मुलं वर्षभर शाळेत फुकट राबणाऱ्या आम्हा लोकांचे आभार मानतात आणि स्वतः केलेली मॉडेलं स्टेजवर मांडतात. आमच्यातल्या काही जणी, मुलांच्या आया, गोष्टी वाचून दाखवतात. मी हातकाम शिकवतो, मुलं मला आजोबा म्हणतात. नोकरीभर मी प्लांटात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होतो. रिटायर झाल्यावर बायकोनं चार दिवस कसंबसं सहन केलं आणि म्हणाली, "घरात बसून माह्या फोडणीत नाक नका खुपसू. जा, पोराईले काही शिकवा." तेव्हापासून जातो.

आता त्या लाल पुठ्ठ्याचं सांगतो. प्लांटात मशीनवर काम करायचं तर आधी तिचा सप्लाय बंद करायचा आणि स्विचला आपल्या नावाचा लाल टॅग लावायचा. ज्याचा टॅग, त्यानंच काढायचा. फोरमननं नाही, बड्या साहेबानंही नाही. कारण ज्याचं नाव त्यावर आहे, तो माणूस त्या वेळी कुठंतरी वायरला हात लावून बसलेला असतो. एवढी साधी गोष्ट आहे.

हे मी एकदा चौथीला सांगितलं. पोरांना ते इतकं आवडलं की त्यांनी त्याचं भलतंच केलं. ओल्या रंगाच्या बाकाला टॅग लागला. व्हरांड्यात झोपलेल्या मांजरीच्या शेजारी टॅग लागला. मग तिसरीतल्या एका पोराचा कुत्रा मेला, तर कोणीतरी त्याच्या शर्टालाच टॅग टाचला, "काम चालू है, छेड़ना मना है." दिवसभर त्याला कोणी छेडलं नाही. आमच्या हेडमास्तरीण गजभिये मॅडमनी तो पुठ्ठा जपून ठेवला आणि यंदा हॉलची एक अख्खी भिंत असल्या लाल पुठ्ठ्यांनी सजवली.

त्यामुळे अध्यक्षसाहेबांना तो खेळ वाटला यात त्यांचं काही चुकलं नाही. सुपेल्याच्या बाजारात त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे, शाळेसाठी पदरमोड करणारा माणूस. मलाही क्षणभर वाटलं की सजावटीतलाच एक इथं लटकला असेल. मी मोबाइलचा टॉर्च मारला. पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, "पीहू, चौथी." आणि हँडल खाली ओढलेलं होतं.

म्हणजे वीज गेली नव्हती. कोणीतरी ती बंद केली होती आणि मग टॅग बांधला होता.

"साहेब, हा मी काढणार नाही," मी म्हणालो.

"अरे, चौथी की बच्ची का है."

"कोणाचा का असेना."

त्यांनी फाटकाकडे पाहिलं. मग खांदे उडवून म्हणाले, "ठीक है, मत निकालिए. आपका नियम आपके पास." आणि बाहेर निघून गेले.

गजभिये मॅडम शेजारीच होत्या. दुर्गच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली बाई, सहसा घाबरत नाही. मी विचारलं, "मॅडम, पीहू कुठाय?"

त्यांनी चौथीच्या रांगेवर टॉर्च फिरवला. एकदा, मग परत. "रांगेत तं दिसून नाई राहिली. आताच होती."

स्टेजच्या पायरीवर आयुष नावाचा पोरगा रडत बसला होता. त्याचं मॉडेल म्हणजे पुठ्ठ्याची ब्लास्ट फर्नेस, प्लांटातली लोखंडाची भट्टी, आतून लाल दिसावी म्हणून लाल बल्बांची झालर भरलेली. मॉडेलं बॅटरीवरच चालवायची असं मी बजावलं होतं. पण बॅटरीवर लाली येईना, म्हणून त्याच्या बापानं ऐन वेळी दिवाळीची झालर आणून दिली आणि तिची वायर स्टेजखालच्या बोर्डात खुपसून दिली.

"पीहू किधर है, बेटा?"

"मेरी लाइट नहीं जल रही थी," तो हुंदके देत म्हणाला. "वो बोली रो मत, मैं वायर जोड़ देती हूँ."

आमचं स्टेज म्हणजे लोखंडी चौकटींवर टाकलेल्या फळ्या, पुढून पडद्याचं कापड. खाली लहान मूल सरपटत जाईल एवढी जागा. मी पायरीजवळ वाकलो आणि हाक मारली. पण हॉलमध्ये एवढा गोंगाट होता की माझी हाक मलाच नीट ऐकू आली नाही.

तेवढ्यात बाहेर जनरेटरच्या दोरीला कोणीतरी हिसका दिला. इंजिन खोकलं आणि बंद पडलं.

अध्यक्षसाहेबांनी माझा नियम पाळला होता. टॅगला हात न लावता ते, वीज गेली तर म्हणून तंबूवाल्याकडून आणलेला जनरेटर सुरू करायला गेले होते. आणि त्या जनरेटरची वायर मेन स्विचवरून येत नव्हती. ती खिडकीतून आत येऊन सरळ स्टेजखालच्या बोर्डाला जात होती. सकाळी ती टाकताना मी स्वतः पाहिलं होतं. प्लांटात आम्हाला पहिल्यांदा हेच शिकवत, की लाइन बंद केली म्हणून खूश होऊ नका, सप्लाय आणखी कुठून येऊ शकतो ते शोधा. पीहूनं एक वाट बंद केली होती. दुसरी वाट आहे हे तिला माहीतच नव्हतं.

दाराकडे धावायचं तर मध्ये सगळी शाळा बसलेली. ओरडून सांगायचं तर ऐकणार कोण? खिडकीपाशी, गजाला सुतळीनं बांधून, जनरेटरची वायर आणि बोर्डाची वायर प्लगनं जोडलेल्या होत्या. मी तिकडे सुटलो. एका मॉडेलवर पाय पडला, कोणाचं ते अजून माहीत नाही. दोरीचा दुसरा हिसका ऐकू आला. सुतळी सोडायला वेळ नव्हता. दोन्ही हातांनी प्लग धरला आणि ओढला. तो निघाला आणि बाहेर जनरेटर धडधडायला लागला.

हॉल अंधारातच राहिला. मी खिडकीखाली बसलो, हातात प्लग धरून.

मॅडमनी स्टेजवर चढून स्वतःच्या तोंडावर टॉर्च धरला आणि एक हात वर केला. शाळेत ही खूण आहे. पहिल्या रांगेचे हात वर गेले, मग मागच्यांचे, आणि गोंगाट थांबला. कोणीतरी धावत जाऊन जनरेटरही बंद करवला. त्या शांततेत मॅडमनी हाक मारली, "पीहू?"

फळ्यांखालून आवाज आला. "लाइट लावू नका. माहा टॅग हाय."

ती बाहेर आली तेव्हा वेणीला जळमटं होती आणि बोटाला काळी टेप चिकटलेली. तिला बदडावं असंही वाटलं आणि कुशीत घ्यावं असंही. दोन्हीपैकी काहीच केलं नाही.

"आजोबा, आयुष रडून राहिला होता," ती म्हणाली. "मी मेन बंद केला, टॅग लावला, मंग गेली. तुम्ही सांगितलं तसंच केलं न."

"जनरेटरचं काय?"

"जनरेटर हाय हे मले कोणी सांगितलंच नाई."

"मंग मोठ्या माणसाले कावून नाई सांगितलं आधी?"

तिनं जराही न घाबरता उत्तर दिलं. "सांगाले आली होती. तुम्ही सगळे फाटकाकडे पाहून राहिले होते. मॅडम म्हणल्या, नंतर. तुम्ही बी म्हणलं, नंतर."

मला आठवत नाही. मॅडमनाही आठवत नाही. पण आम्ही दोघांनी तसं म्हटलं असणार, यात मला शंका नाही.

मी स्टेजखाली जाऊन बल्बांच्या झालरीची वायर बोर्डातून काढून टाकली, जोड तपासले. पीहूनं स्वतः टॅग सोडला. मी स्विच वर केला. आयुषच्या फर्नेसमध्ये मॅडमनी आपला मोबाइल टॉर्च लावून ठेवला आणि वर लाल कागद. अध्यक्षसाहेबांना सगळं कळलं तेव्हा ते माझ्याजवळ आले. मग हळूच म्हणाले, "मैंने टॅग को हाथ भी नहीं लगाया था." तेही खरंच होतं.

बक्षिसावरून मात्र मॅडमचं आणि माझं वाजलं. त्यांना पीहूला स्टेजवर बोलावून बक्षीस द्यायचं होतं. मी म्हटलं, "बोलवा, आणि पुढच्या वर्षी दहा पोरं स्टेजखाली शोधा." शेवटी बोलावलं नाही. मला त्याचं वाईट वाटतं, पण अजूनही मी तेच करेन.

एक बदल झाला. आता शाळेत कोणताही समारंभ असला की एक मोठा माणूस स्टेजजवळ खुर्ची टाकून बसतो. त्याला दुसरं काहीही काम द्यायचं नाही. एखादं मूल काही सांगायला आलं तर लगेच ऐकायचं, एवढंच. ते काम माझ्याकडे आहे. मुलं येतात, बहुतेक वेळा कोणाला सू लागलेली असते. पाहुणे आले की सगळे उठून उभे राहतात. मी उठत नाही.