मागीलदार भाड्याने देणे आहे

रत्नागिरीच्या बाजूला किनाऱ्यावरची जुनी घरं समुद्राकडे पाठ करून बांधलेली असत. यात गूढ काही नाही. रस्ता पुढे, देऊळ पुढे, माणसं पुढून येणार, मग दार पुढेच. समुद्राकडून येणार काय, तर खारा वारा, वाळू आणि मासळीवाली. म्हणून समुद्र हे आमचं मागीलदार. तिथे न्हाणी, तिथे जळाऊ लाकडं, तिथेच भांडी घासायची, आणि तिथेच माझी आई बसायची.

पुढे ओटीवर बाबांची बैठक असे. कचेरीतून आले की बाबा आणि त्यांचे तीन-चार मित्र तिथे बसून देश चालवत. तो दिल्लीतून चालतो असा तेव्हा लोकांचा उगाच समज होता. बायकांनी ओटीवर चहा ठेवायचा आणि आत यायचं. असं कोणी सांगितलेलं नव्हतं, पण आमच्या घरात ते कधी मोडलं गेलं नव्हतं. दुपारची कामं आटपली की आई मागच्या पायरीवर जाऊन बसे. माडांतून वाट काढत शेजारची खाला येई, जिचा नवरा आखातात होता. मासळीवाली टोपली टेकवी. मग जे हसणं चाले ते रविवारी ओटीपर्यंत पोचलं की बाबा मोठ्यानं खाकरत. एवढ्या मोठ्या घरात आईची स्वतःची म्हणावी अशी जागा तेवढीच होती.

मग एका मे महिन्यात पोफळीच्या वीजघराच्या कॉलनीतला एक इंजिनियर, बाबांचा लांबचा भाचा, बायकोला घेऊन राहायला आला. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. तो मागीलदारी जाऊन उभा राहिला तो तिथून हलेचना. म्हणाला, मामा, पुण्याची माणसं या जागेसाठी खिसा मोकळा करतील आणि तुम्ही इथं भांडी घासताय. झालं. बाबांच्या डोक्यात भुंगा शिरला तो शिरलाच.

पुढच्या उन्हाळ्याच्या आत मागचं पुढे झालं. लाकडं हलली, भांड्यांची जागा हलली, पायरीवर फरशी आली, कठडा आला, दोन आरामखुर्च्या आल्या आणि वर एक पाटी आली: 'समुद्रदर्शन'. जन्मापासून ज्याच्याकडे बघून आम्ही खरकटं टाकलं त्याचं आता दर्शन घ्यायचं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी कॉलेजात जात होते, जीभ सैल होती. बाबांना म्हटलं, न्हाणीलाही एक पाटी लावा. ते माझ्याशी बरेच दिवस बोलले नाहीत.

आई एकदाच बोलली. फरशीच्या गवंड्याला चहा देऊन झाल्यावर तिनं बाबांना विचारलं, "आणि मी कुठं बसू?"

"घर एवढं मोठं आहे," बाबा म्हणाले. "कुठंही बस."

पहिले पाहुणे पुण्याचे. बँकेतले साहेब, बाई आणि गळ्यात कॅमेरा. मागच्या दोन खोल्या आणि अख्खा समुद्र त्यांच्या ताब्यात गेला आणि आम्ही आमच्याच घरात कुजबुजत वावरू लागलो. साहेबांना सकाळी मासळीच्या वासानं मळमळे, दुपारी जेवताना मात्र त्याच मासळीची आणखी एक तुकडी चाले. बाबांनी मासळीवालीला मागून यायची बंदी केली. साहेबांना माडाची सावली हवी होती, पण वर नारळ नको होते, म्हणून बाबांनी माडावर चढणारा पाडेली बोलावून कोवळे नारळसुद्धा उतरवले. एका संध्याकाळी साहेबांनी तक्रार केली की सकाळी समुद्र जिथे होता तिथे आता नाही, तो बराच लांब गेलाय. आणि बाबांनी ओहोटीबद्दल माफी मागितली. देवाशप्पथ, मी या कानांनी ऐकलं. "येईल हो, सकाळपर्यंत नक्की येईल," असं वायरमनबद्दल बोलावं तसं ते बोलले.

मे म्हणजे आईच्या हातघाईचा महिना. रतांबे फोडून आमसुलं वाळवायची, फणसपोळी घालायची, आणि हे सगळं मागच्या उन्हात. साहेबांच्या बाईंना त्यावरच्या माश्या फोटोत येऊ लागल्या. बाबांनी आईला सांगितलं, हे सगळं इथून उचल. आईनं उचललं. सुपं, ताटं, चटया घेऊन माजघरातून तडक पुढे आली आणि खळ्यात, म्हणजे आमच्या पुढच्या अंगणात, सगळं मांडलं. वाळवण राखायला माणूस हवं, कावळे सोडत नाहीत. म्हणून मग ती ओटीवर बसली, कडेला, खांबाला टेकून.

पहिल्या दिवशी डोक्यावर पदर होता. दुसऱ्या दिवशी मासळीवाली पुढून आली, कारण मागून तिला बंदी. तिच्यामागून बिचकत खाला आली. दोन-चार दिवसांत हसणं पार रस्त्यावर ऐकू जायला लागलं. बाबांचे मित्र आले, त्यांनी ओटीवर कोळंबी सोलणाऱ्या बायका बघितल्या आणि खळ्यातूनच "येतो उद्या" म्हणून परतले. ते काही आले नाहीत. पाहुणे असेपर्यंत देश कोणीच चालवला नाही. बाबांची पुरती गोची झाली. मागे साहेब, पुढे आई. मधल्या काळोख्या माजघरात ते रेडिओ कानाशी धरून बसत. मला त्यांची कीव यायला हवी होती, पण छे, मला उकळ्या फुटत होत्या.

पाहुणे गेले त्या दुपारी बाबांनी पाटी उतरवली आणि ओटीवर येऊन आईला मोठ्या मनानं जाहीर केलं की बस झाले ते पाहुणे, तुझं मागीलदार तुला परत.

आई आमसुलं उलटीपालटी करत होती. तिनं वर बघितलं नाही.

"मला नको ते," ती म्हणाली. "माझा दादा दर बाजाराला याच रस्त्यानं जायचा. घाईत असायचा, आत यायचा नाही. तुम्ही इथून त्याला हात करायचात आणि रात्री जेवताना मला सांगायचात, तुझा भाऊ दिसला आज. मला नाही दिसला तो कधी. मी मागं होते."

तो दादा, माझा मामा, जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. माझं हसू कुठल्या कुठे गेलं आणि रडू आलं ते आवरेना.

त्यानंतर मागीलदार मोकळं होतं, तरी आई दुपारी ओटीवरच बसली. बाबांचे मित्रही हळूहळू परत आले आणि तिच्यापासून जरा अंतर ठेवून बसू लागले. ती त्यांच्या बोलण्याकडे लक्ष देत नसे. रस्त्यानं ओळखीचं कोणीही दिसलं की ती हाक मारून आत बोलवायची, पाणी द्यायची, बसवून घ्यायची. कोणी घाईत आहे म्हणालं तर उठून खळ्याबाहेर जायची आणि हाताला धरून आणायची.