मामाच्या बगीच्यातल्या तीन ओळी

पटकथा हातात आली की लोक तिच्यात गोष्ट वाचतात. मी खर्च वाचते. 'पाऊस पडतो' लिहिलं असेल तर मला टँकर दिसतो, 'वरात जाते' म्हटलं की शंभर माणसांचं जेवण. सवयच तशी लागली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. राज्याच्या सीमेपलीकडच्या पांढुर्ण्याच्या कॉलेजातून बी.कॉम. केलं, तेही हिंदीतून, आणि मग मुंबईत वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या सिनेमांचे पैसे सांभाळले. हे मी मिरवून सांगते, कारण ते कोणी मला दिलेलं नाही.

दुसऱ्यांचे सिनेमे पैशात बसवून देता देता वाटलं, एक आपला करावा. आता विचाराल तर सांगेन, ते वाटण्यापुरतंच बरं होतं.

चित्रीकरण सौंसर-पांढुर्णा पट्ट्यात होतं. गोष्ट साधी. शेवटी बाप आणि लेक फळांनी लगडलेल्या संत्र्याच्या बगीच्यातून चालत जातात आणि कित्येक वर्षांनी एकमेकांशी बोलतात. हा प्रसंग नसेल तर पिक्चरला शेवटच नाही, आणि शेवट नसलेल्या पिक्चरला पैसे लावणारे उरलेला हप्ता देत नाहीत. प्रसंग अगदी शेवटच्या दिवशी ठेवला होता. बापाचं काम करणाऱ्या नटाच्या तारखाही त्याच दिवशी संपत होत्या.

जागा घेताना मी करारपत्र भरून घेते. ते मीच बनवलंय. लोधीखेड्याच्या चहावाल्याकडून घेतलं, तिगावच्या पीठगिरणीवाल्याकडून घेतलं. त्यात शेवटचा प्रश्न असतो : या जागेवर किंवा तिथल्या वस्तूंवर आणखी कोणाचा हक्क आहे का? फक्त मामाकडून ते घेतलं नाही.

बगीचा माझ्या सख्ख्या मामाचा, जामसांवलीच्या रस्त्याला. भाड्याचं नाव काढलं तर मामा उठून उभेच राहिले.

"भाचीचे पैसे घेऊ? वरतं गेल्यावर तुह्या आजाले तोंड काय दाखवू?"

आमच्याकडे भाचीला देतात, तिच्याकडून घेत नाहीत. अशा माणसापुढे कागद कसा सरकवणार?

शेवटच्या दिवशी सकाळीच युनिट घेऊन पोहोचलो, तर फाटकाशी ट्रक उभा आणि झाडांना शिड्या लागलेल्या. आदल्या दिवशी आम्ही तिगावला होतो, तेव्हाच तोड सुरू झाली होती. अर्ध्याहून जास्त बगीचा नुसता हिरवा. एक फळ नाही.

तोडीच्या मुकादमाला विचारलं, "कोणाला विचारून तोडताय?"

तो शिडीवरून उतरलाही नाही. "आपलाच माल तोडाले कोनाले इचारा लागते, बाई?"

"बगीचा माझ्या मामांचा आहे."

"झाडं त्याईचे. फळं आमच्या शेठचे. श्रावणातच इसार देल्ला."

तोडणाऱ्या बायांपैकी एक म्हणाली, "शूटिंगवाल्या हायेत. त्याईले वाटलं, संत्री झाडालेच राह्यते." सगळ्याजणी हसल्या.

मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. इथे फळ हिरवं असतानाच अख्खा बगीचा व्यापाऱ्याला ठोक्याने देतात. मग तोड कधी करायची ते व्यापारी ठरवतो. शाळेच्या सुट्टीत मी स्वतः व्यापाऱ्याच्या मांडवात संत्री छाटायला, लहानमोठी वेगळी करायला बसलेली आहे. तरी विसरले. मामाचा बगीचा म्हणजे मामाचीच संत्री, असं एखाद्या पाहुणीसारखं धरून चालले.

तेवढ्यात मामा सगळ्यांसाठी चहाची किटली घेऊन आले.

"मामा, ठोका झाल्याचं सांगितलं का नाही?"

"तूनं इचारलं कुठं? तू म्हणली बगीचा पाहिजे. बगीचा देल्ला. फळं पाहिजे, असं कोनं म्हटलं वं माय?"

"रिकाम्या झाडांचं मी काय करणार होते?"

"मले काय मालूम! परवा तुमी लोकं एवढा मोठा कॅमेरा आणून शेणाच्या ढिगाचा फोटो काढून राहिले होते."

आमचा दिग्दर्शक फिसकन हसला.

शेठला फोन लावला. तो सभ्यपणे बोलला, तेच जास्त लागलं. आजचा भाव उद्या राहील याची खात्री कोण देणार, म्हणाला. उरलेला माल विकत घ्यावा, तर अडीअडचणीसाठी राखलेली रक्कम नट तापाने पडला तेव्हाच, थांबलेल्या दिवसांत संपली होती.

दिग्दर्शक म्हणाला, "ताई, फळं कॉम्प्युटरवर चिकटवू ना."

मी त्याचा खर्च सांगितला. तो जाऊन गाडीत बसला.

मी एका उलट्या क्रेटवर बसले. रडू नाही आलं. झोप आली. इतकी, की युनिट, शेठ, पिक्चर सगळं तिथेच टाकून झाडाखाली आडवं व्हावं. डिग्री, अनुभव, स्वतः बनवलेलं करारपत्र, आणि चूक कुठे केली, तर आपल्याच गावात.

मामा मुकादमाला बाजूला घेऊन गेले. बऱ्याच वेळाने परत आले.

"उगवतीकडच्या तीन ओळी सोडल्या त्यानं. दुपारवर. उरका लवकर."

तीन ओळींत कॅमेरा एकाच दिशेला बघू शकत होता. जरा वळला की शिड्या. पहिल्या वेळी मागे क्रेट पडला, दुसऱ्या वेळी नट वाक्य विसरले. तिसऱ्या वेळी बाप-लेक चालत आले, बोलले, आणि दिग्दर्शकाने मान हलवली. मॉनिटरवर बगीचा संपतच नव्हता. पिक्चरला शेवट मिळाला. मला आनंद व्हायला हवा होता. फक्त खांदे उतरले.

सामान भरताना मुकादम म्हणाला, "मामा दिलदार आहे बरं तुमचे. या तीन ओळीचे पैसे शेठकडल्या आपल्या बाकीतून काटा म्हणे, अन् माल बी तुमीच न्या."

मी करारपत्र आणि पेन घेऊन मामांकडे गेले.

"सही करा. नुकसान भरून देते. हे भाचीचे पैसे नाहीत, कंपनीचे आहेत."

"कंपनी कोनाची?"

"माझी."

"मंग?"

"मंग काय मंग! कायद्याने कंपनी वेगळी, माणूस वेगळा. मी शिकलेय ते."

"तू शिकली तवा सौंसरात पेढे मी वाटले. तवा कागद केलता का तूनं?"

मी पेन पर्समध्ये टाकलं. ते पैसे कसे पोहोचवायचे ते मला अजून सुचलेलं नाही. मामीच्या हातात द्यावेत, तर ती मामांच्याही वरताण आहे.

"चहा घे," मामा म्हणाले. "तोंड पाह्य कसं झालं तुहं."

चहा गार झाला होता. तो पीत मी उभी राहिले. तोडीवाल्यांनी शिड्या उचलल्या आणि त्या तीन ओळींना लावल्या.