साफ तांदूळ पाखडताना

मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर. मोरीत घसरले, तेव्हापासून पलंगावर. डॉक्टर म्हणाले, पाय हलवायचा नाही. नातीनं माझ्या कानांत दोन बोंडं खुपसली, मोबाइलवर गाणं लावलं नि म्हणाली, "आजी, अब आराम से सुनो." बालाघाटात वाढलेली पोर, मराठी समजते सगळी, तोंडातून मात्र हिंदीच येते.

गाणं स्वच्छ ऐकू येत होतं. पण दारात उभ्या पाहुण्यासारखं कानातच थांबलं. आत येईना.

कारण मला ठाऊक होतं. मी स्वस्थ बसून गाणं कधी ऐकलेलंच नाही.

या घरात लग्न होऊन आले तेव्हा रेडिओ पुढच्या खोलीत, सासऱ्यांच्या ताब्यात. कचेरीतून आले की लावायचे. सून मधल्या दाराच्या अलीकडे, डोक्यावर पदर. ऐकायला बंदी नव्हती, पण सुनेनं मान डोलवली तर घराची अब्रू हलायची. अंग नुसतं कोंडलेल्या वासरासारखं आतून धडका द्यायचं. तेव्हा त्या अतिशहाण्या पोरीनं, म्हणजे मीच, युक्ती काढली. रेडिओ लागला की सूप घेऊन तांदूळ पाखडायला बसायचं. मनगट, खांदे, कंबर, सगळं तालात. तबल्यानं वेग धरला की सुपानंही धरायचा. गाणं कानातून शिरून पार टाचेपर्यंत उतरायचं. बघणाऱ्याला वाटावं, सून कामाला वाघीण!

वेडी कुठली. रोज त्याच डब्यातले तेच तांदूळ पाखडायची आणि कोणाला कळत नाही असं समजायची. एकदा लय अशी चढली, की बाईसाहेबांच्या सुपातले तांदूळ थेट सासूबाईंच्या अंबाड्यात.

"काहून वो, पाखडून राह्यली का नाचून राह्यली?"

"पाखडून राह्यली, आत्याबाई."

"काय निघते वो त्यातून आता? कोंडा त सोमवारीच गेला!"

दुसऱ्या दिवशी सूप उंच खुंटीवर, माझा हात पोचणार नाही असं. नवे तांदूळ येईपर्यंत संध्याकाळी हात मांडीवर ठेवून बसायचं आणि पलीकडचा रेडिओ ऐकायचा. आत्तासारखंच.

"सूप दे वो," मी सुनेला म्हटलं.

"काहून? तांदूळ त आता थैलीतून साफच येते, आई. अन् तुमाले धड बसता तरी येते काय?"

"दे त."

कुरकुरत तिनं माळ्यावरून सूप काढलं, पुसलं, त्यात मूठभर तांदूळ घातले आणि माझ्या पाठीशी उशा रचून दिल्या. मी नातीकडून तेच गाणं पुन्हा लावून घेतलं. मनगटं आधी लाजली. मग खांदे आठवून आठवून हलू लागले. गाणं गळ्याशी आलं, छातीत उतरलं, कमरेपर्यंत आलं. तिथं थांबलं. खाली प्लास्टर. मी जोरानं झटकलं तशी मांडीतून अशी कळ गेली, की डोळ्यांत पाणी आलं. अर्ध्या अंगात गाणं, अर्ध्यात दगड. तरी सूप खाली ठेवलं नाही. चादरभर तांदूळ सांडले.

नात बघतच राहिली. "आजी, तुम नाच रही हो?"

"नाही वो. तांदूळ पाखडून राह्यली."

तिनं सुपात डोकावून पाहिलं. "पर ये तो साफ हैं!"

"हौ," मी चेहरा सरळ ठेवून म्हटलं, "म्हणून त येळ लागून राह्यला."