मावशीने कुंडीत घातलेला चुना

माझी मावशी आणि काका रोपवाटिका चालवायचे. काका एकदा पार उंच डोंगरावरून, जिथं उन्हाळ्यातही बर्फ असतो तिथून, ऱ्होडोडेंड्रॉन नावाच्या फुलझाडाचं बी घेऊन आले. बी कसलं, धूळच ती! दोघांनी मोठ्या कुंडीत ते झुडूप लेकरासारखं वाढवलं. कित्येक वर्षं नुसती जाड पानं. लोक काकांची टिंगल करायचे. अखेर कळ्या धरल्या, आणि फुलायच्या आत काका गेले.

मावशीचा धाकटा दीर म्हणाला, "वहिनी, तुम्ही आता आराम करा." आणि रोपवाटिकेचं कुलूप बदललं. झुडूप लालभडक फुललं, तशी त्याने कुंडी प्रदर्शनात नेली. पदक घेताना माइकवर म्हणाला, "बियांपासून मी एकट्याने वाढवलंय."

मागच्या रांगेत बसलेली मावशी रडली नाही. आमच्या घरी आल्यावर माझ्या आईला म्हणाली, "याने मला चुना लावला ना? आता मी कुठे लावते बघ."

या झुडपाला आंबट माती लागते; चुना म्हणजे विषच. जावेला भेटायच्या निमित्ताने मावशी भरदिवसा दिराच्या घरी जायची आणि हळूच अंगणातल्या कुंडीत चुना मिसळून यायची. एकदा जावेने पाहिलं. मावशीने हात पदराआड घेतला.

"ताई, नखात राहिलाय," जाऊ म्हणाली. "हात धुवा." आणि तिनेच पाणी ओतलं. नवऱ्याने तिलाही कमी छळलं नव्हतं.

पानं पिवळी पडली, गळली. खतं, औषधं सगळं करून थकलेला दीर मावशीच्या दारात आला.

"वहिनी, दादाचं झाड आहे. तुम्हीच वाचवा."

"आता दादाचं झालं होय? मग आधी त्याच माइकवर सांग."

पुढच्या प्रदर्शनात मान खाली घालून त्याने सगळं सांगितलं. खाली उतरताच विचारलं, "आता औषध?"

"औषध नाही. चुना मीच घातला. मुळं केव्हाच गेली."

त्याला चारचौघांत ओरडताही येईना.

दुसऱ्या दिवशी जाऊ वाळकं खोड घेऊन मावशीकडे आली. ते मांडीवर घेऊन मावशी ढसाढसा रडली. मी भीतभीत विचारलं, "मावशी, पश्चात्ताप होतोय?"

"झाडाचा होतोय," ती डोळे पुसत म्हणाली. "आणि त्या मेल्याला एवढ्यावर सोडलं, त्याचा."