सासूबाईंशी सात-आठ

चार जणी जमलो की कुणीतरी म्हणतंच, "ए, तुझ्या सासूबाईंचा एखादा सांग ना!" एखादा कसला सांगणार? एक सांगायला घेतला की दुसरा आठवतो, दुसऱ्यावरून तिसरा, आणि चहा गार होतो. बरं, सासूबाई काही विनोदी नव्हत्या. त्यांना हसताना मी वर्षातून दोनदा बघितलं असेल. पण त्यांच्याबरोबर पत्ते खेळलेल्या माणसाकडे गोष्टी साठतातच.

आमचं घर वसईजवळ सांडोरला, केळीच्या वाडीत. मी लग्न होऊन आले तेव्हा घरात तीनच माणसं, मामंजी, सासूबाई आणि मी. हे मुंबईला नोकरीला, शनिवारी संध्याकाळी यायचे. मी सातवीची फायनल पास झालेली आणि डोक्यात एकच, की पुण्याला वर्षभर राहून मास्तरणीचं ट्रेनिंग करायचं. यांची ना नव्हती. पण होकार द्यायचा तो मामंजींनी, आणि मामंजींपर्यंत जायचं तर आधी सासूबाईंना विचारायला हवं. महिन्याभरात एका दुपारी धीर करून मी विषय काढला. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बघू. पत्ते येतात का तुला?"

* * *

सुरुवातीला आम्ही तिघी खेळायचो. तिसरी शेजारच्या ख्रिस्ती वाडीतली कोतरीनबाय, सासूबाईंची मैत्रीण. तिघींचा खेळ ठरलेला, पाच-तीन-दोन. पण त्यांचा ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपास आला. त्यात कोणी मटण सोडतं, कोणी गोड सोडतं. कोतरीनबाय पत्ते सोडायची.

सासूबाई म्हणाल्या, "दुसरं काहीतरी सोड गो!"

"दुसरं सोडायला मला जड कुठं जातं?" ती म्हणाली.

आता दोघींनी खेळायचं काय? आधी गुलामचोर करून बघितला. माझ्याकडे चोर गुलाम नाही, म्हणजे तो कुणाकडे हे शोधायला डिटेक्टिव्ह लागत नाही. तरी सासूबाई इतक्या साळसूद चेहऱ्यानं बसायच्या, की मीच पुन्हा पुन्हा माझे पत्ते तपासायची.

मग भिकार-सावकार. सोमवारी सुरू केलेला डाव गुरुवारी चालूच. कधी मी सावकार, कधी त्या. रोज दुपार संपली की आपापला गठ्ठा फडक्यात बांधून ठेवायचा. गुरुवारी सासूबाईंनी आपलं फडकं सोडलंच नाही. म्हणाल्या, "यात कुणाचीच अक्कल लागत नाही. हरले तर मी रागवायचं कुणावर?"

शेवटी सात-आठ जमला. लहान पत्ते काढून तीसच ठेवायचे, प्रत्येकीला पंधरा. जी पत्ते वाटेल तिनं सात हात करायचे, दुसरीनं हुकूम बोलून आठ. रागवायला भरपूर जागा! सासूबाई खूश झाल्या.

* * *

कोतरीनबायनं पत्ते सोडले होते, आमच्याकडे येणं नव्हे. रोज दुपारी यायची आणि आमच्याकडे पाठ करून केळफूल निवडत बसायची. पत्ते बघणंसुद्धा नको म्हणून.

पाचव्या मिनिटाला पाठमोरा प्रश्न यायचा, "हुकूम काय बोलली गो?"

सासूबाई म्हणायच्या, "तू उपास करत्येस ना?"

"हातांचा आणि डोळ्यांचा. कानांचं काय बोलणं झालेलं नाय."

मग आम्ही पत्ता टाकताना त्याचं नाव मोठ्यानं घ्यायला लागलो. एकदा मी बराच वेळ विचार करत थांबले, तर भिंतीकडे तोंड करून कोतरीनबाय म्हणाली, "सुमन, किलवरची राणी टाक. राजा मघाशीच गेला." आणि खरंच गेला होता. ईस्टर झाल्यावर ती पुन्हा खेळायला बसली, पण म्हणाली की भिंतीकडे बघून जास्त चांगलं कळायचं.

* * *

पाचूबंदरहून रुकमाय मासळी घेऊन यायची. टोपली उतरवली की घटकाभर माझ्या मागे उभी राहून माझे पत्ते बघायची. पत्ते चांगले असले की तिचे डोळे मोठे व्हायचे, वाईट असले की ओठ मुडपायची. सासूबाईंना ही सोन्याची खाण मिळाली! त्या पत्त्यांकडे कमी आणि रुकमायच्या तोंडाकडे जास्त बघायला लागल्या.

त्यानंतर सासूबाई लागोपाठ हरल्या. चार दिवस. ओठ मुडपलेले बघून मोठ्या धीरानं राजा टाकायच्या आणि माझ्याकडून एक्का यायचा. पाचव्या दिवशी त्यांनी पत्ते खाली ठेवले. "रुकमाय, मुद्दाम करतेस?"

रुकमाय शांतपणे टोपली डोक्यावर घेत म्हणाली, "बाय, बंदरावर लिलावात उबी ऱ्हाते मी. मासळी आवडली हे तोंडावर दावलं तर भाव चढते. आनि तुमी माज्या तोंडावरनं पत्ते वाचता?"

त्या दिवशी सासूबाई हसल्या. ते वर्षातलं पहिलं हसू.

* * *

कोतरीनबाय लेकीकडे राहायला गेली आणि पुन्हा आम्ही दोघीच उरलो. ट्रेनिंगचा फॉर्म भरायची तारीख जवळ आली तशी मला अक्कल सुचली. सासूबाईंना खूश ठेवायचं, म्हणजे त्या मामंजींकडे शब्द टाकतील. मी हरायला लागले. दोन दिवस छान हरले. तिसऱ्या दिवशी त्यांनी चौकटचा राजा टाकला आणि माझ्याकडे एक्का असताना मी अठ्ठी टाकली.

सासूबाईंनी हात उचललाच नाही. "एक्का कुठाय?"

मी पत्ते छातीशी धरले.

"तीस पत्ते, त्यातले पंधरा माझ्याकडे. राहिलेले कुणाकडे असणार? दोघींच्या खेळात लपवतेस कुणापासून?" त्यांचा आवाज चढला. "जिंकायचं ते खरं जिंकायचं. पत्त्यात मी कुणाला फुकटचा हात दिला नाही, कुणाकडून घेणार नाही."

दोन दिवस पत्ते बंद. बोलणं कामापुरतं. मी विहिरीवर जाऊन रडले. पुणं तर गेलंच असं वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त वाईट त्या दुपारींचं वाटलं. मला त्या बाईची सवय झाली होती.

* * *

शेवटी मीच मामंजींना विचारलं. मामंजी पत्त्यांना रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणायचे. आम्ही खेळत असलो की खाकरून बाजूनं निघून जायचे. माणूस प्रेमळ, पण एकदा नाही म्हटलं की नाही.

म्हणाले, "शिकायला माझी हरकत नाही गो. पण मी दिवसभर वाडीत. तू गेलीस की हिला दुपारी सोबत कुणाची? वर्षभर भिंतींशी बोलेल काय?"

सासूबाई आत तांदूळ निवडत होत्या. सगळं ऐकू गेलं असणार. त्यांना तरी माझ्याशिवाय खेळायला कोण होतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी चटई अंथरली आणि हाक मारली ती मला नाही. "अहो, इकडे या. बसा."

"मला त्यातलं काही येत नाही," मामंजी म्हणाले.

"शिकाल."

आठ दिवस मामंजी हरले. रोज हरायचे, रोज चिडायचे, चटई झटकून उठायचे आणि दुसऱ्या दिवशी वाडीचं पाणी लवकर बंद करून वेळेआधी येऊन बसायचे. सासूबाईंनी एका हाताची सवलत दिली नाही. मी मागे उभी राहून बघायची.

नवव्या दिवशी फॉर्म पाठवायची शेवटची तारीख. सासूबाईंनी पत्ते पिसले, वाटले. मामंजींनी पत्ते लावले आणि त्यांच्या मिशा हलल्या. हुकूम बोलून पहिला पत्ता टाकायला हात उचलला, तेवढ्यात सासूबाईंनी चटईखालून माझा फॉर्म काढून पुढे ठेवला.

"आधी सही करा."

"आत्ता? डाव तर होऊ दे!"

"टपाल जाईल. द्या ते पत्ते माझ्याकडे."

"तुझ्याकडे? बघशील!" असं म्हणून मामंजींनी पत्ते माझ्या हातात कोंबले आणि चष्मा शोधायला लागले.

मी पत्ते पाहिले. चारही एक्के. तीन राजे. हुकमाची राणी, गुलाम, सगळं एका हातात.

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या बाहेर केळींकडे बघत होत्या.

मामंजींनी झरझर सही केली, फॉर्म माझ्याकडे सरकवला, आपले पत्ते परत घेतले आणि मांडी ठोकून म्हणाले, "आज तुझी काही खैर नाही."