अरुणा नसलेला नॉर्वे

जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गच्या कार कारखान्यात इंजिनिअर असलेल्या सुदामला नाद एकच, निसर्गाचे फोटो काढण्याचा. कॅमेरा खिशात मावेल एवढा, पण साहेबांचा तोरा असा की बघत राहावं! दर उन्हाळ्यात बायको-मुलीला घेऊन तो नॉर्वे नाहीतर स्वीडन गाठायचा. डोंगर, पाणी, पाण्यातला डोंगर. फोटोत माणूस आला की दुधात माशी पडल्यासारखं त्याचं तोंड व्हायचं.

"अहो, एक तरी माझा काढा की," अरुणा म्हणायची.

"जरा बाजूला हो ना. ऊन जातंय."

ती बिचारी बाजूला व्हायची. वर्षानुवर्षं होत राहिली.

गेल्या फेब्रुवारीत अरुणा कॅन्सरनं गेली. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांपाशी तिचा फोटो ठेवायचा होता, आणि घरात धड फोटो नव्हता. लग्नातला फार जुना, फोनमधले सगळे आजारपणातले. मुलगी अपेक्षा इथेच वाढलेली. मराठी कळायचं, पण बोलायची जर्मनच. "नॉर्वेतला लावू या," ती जर्मनमध्ये म्हणाली, "तिथे आई हसायची."

सुदाम कॉम्प्युटर उघडून बसला. फ्योर्डमागून फ्योर्ड, डोंगरांत घुसलेल्या त्या निळ्या खाड्या, सरकत गेले. अरुणा कुठेच नव्हती. मग त्याला नॉर्वेतल्या लोफोटेन बेटांवरचा तो दिवस आठवला. नेमकं बटण दाबताना ती हात पसरून मध्येच येऊन उभी राहिली होती, आणि त्यानं तो फोटो तिच्यादेखत डिलीट केला होता. "पुसून टाकलंत मला?" असं विचारून ती खळखळून हसली होती. तेव्हा त्यालाही गंमतच वाटली होती. कसली आलीय गंमत! आता तो टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडला.

कार्यक्रमाला पार स्टुटगार्टहून मंडळी आली. मेणबत्त्या लागल्या, फुलं वाहिली गेली. अरुणाच्या जागी, हार घातलेल्या फ्रेममध्ये, नुसतं निळं पाणी आणि डोंगर होते. पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. कुणाला काही विचारायचा धीर होईना.

अपेक्षा पुढे आली. कधी नव्हे ते तिच्या तोंडून मराठी आलं.

"बाबा, आई कुठंय?"

सुदामनं फ्रेमच्या कडेला, कोऱ्या भिंतीवर बोट ठेवलं.

"इथे उभी होती गं. माझं जॅकेट धरून."